वशा, एश्कोवा सापडला

बोरी,
२८ मे

प्रिय वशा,

दीड वर्षात तुला एक ओळ लिहिली नाही. तुझ्या दिवाळीच्या डब्याची पोचसुद्धा दिली नाही, आणि वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही नुसता निरोप पाठवून मोकळा झालो. याबद्दल काय बोलायचं ते भेटीत बोल, मी मान खाली घालून ऐकेन. आज मात्र आधी हे वाच. आजोबांचा एश्कोवा सापडला. आमच्या विहिरीत.

दुसऱ्या कुणाला हे लिहिलं असतं तर त्यानं विचारलं असतं, एश्कोवा म्हणजे काय, आणि दात घासायचा ब्रश, असं मला सांगावं लागलं असतं. तू नाही विचारणार.

यंदा विहीर एप्रिल संपता संपताच तळाला गेली. ८५ साली खांब बदलले तेव्हा वरवरचा गाळ काढला होता, तळापर्यंत कुणी गेलंच नव्हतं. या वेळी पंप लावला, दोन पोरं आत उतरवली आणि दिवसभर टोपल्या वर येत होत्या. काळा, लोण्यासारखा गुळगुळीत गाळ. वास असा की सुमन नाकाला पदर लावून माडाखाली जाऊन बसली. त्यात काय काय निघालं! माईची पितळी कळशी, जिच्यापायी तिनं सासरी जायच्या आदल्या दिवशी घर डोक्यावर घेतलं होतं. करवंट्या. कप्पीचं जुनं चाक. दोन रबरी चेंडू, त्यातला एक तुझ्या त्या षटकाराचा. विहिरीत गेला की आउट असं आपलं ठरलं होतं आणि तू आउट होतास, यावर मी आजही ठाम आहे. आणि दुपारी तीनच्या सुमारास एका पोरानं टोपलीतून काडीसारखं काहीतरी उचललं आणि विचारलं, "बाब, हें हाड कसलें?"

हातात घ्यायच्या आधीच मी ओळखलं.

दांडा मधाच्या रंगाचा झालाय, एका बाजूनं चहाच्या डागासारखा काळपट. केस एकही उरला नाही. दोनतीन भोकांत तेवढे काळे खुंट आहेत. भोकं चार ओळींत. पाठीमागं त्या ओळींच्या बरोबर मागं चार बारीक चऱ्या कोरलेल्या आहेत आणि चऱ्यांत हिरवट डाग. केसांचा झुबका दुमडून भोकात बसवायचा आणि मागच्या चरीतून तार ओढून तो आवळायचा, अशी ती बनवायची रीत होती. हिरवा डाग त्या तारेचा. आणखी एक गोष्ट सांगतो, आजोबांच्या आत्म्यानं माफ करावं. भिंग लावून पाहिलं तर दांड्यावर बारीक काळे ठिपके आणि रेघा दिसतात. हस्तिदंतावर जाळीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या रेघा असतात. हे ठिपके हाडाचे. म्हणजे बैलाबिलाचं हाड. लिस्बनहून आलेला हस्तिदंती एश्कोवा म्हणून ते जन्मभर सांगत राहिले, आणि आजीला पहिल्या दिवसापासून संशय होता. "तोंडांत डुकराचे केंस? म्हज्या घरांत चलचें ना," हे तिचं वाक्य तुलाही पाठ असेल. हाड तिला ठाऊक नव्हतं म्हणून बरं, नाहीतर आजोबांनाही न्हाणीत घेतलं नसतं तिनं. म्हणून तर तो बिचारा एश्कोवा घराबाहेर, विहिरीच्या खांबाला खिळ्यावर टांगलेला असायचा.

त्या खिळ्यासाठीच हे पत्र लिहितोय.

दांड्याच्या शेवटाला भोक होतं आणि त्यात आजोबांनी स्वतः वळवून घातलेली तांब्याच्या तारेची कडी. आठवते ना? ती कडी शाबूत आहे. आणि वशा, गाळातून निघाला तेव्हा त्या कडीत गंजाचा एक गोळा अडकलेला होता. सुपारीहून थोडा मोठा, एका बाजूला निमुळता. मी तो पाहिला. बोटांत धरून हलवलासुद्धा, कडीतून निघेना.

आणि मग मी काय केलं? आनंदानं भान गेलं होतं. तुला चांगला फोटो पाठवायचा म्हणून सुमनकडून चिंच मागून घेतली, धुण्याच्या दगडावर बसलो, आणि चिंच, साबण, काथ्या, सगळं वापरून खसाखसा घासला. गोळा आधी मऊ पडला, मग हातात फुटला, मग लाल पाण्यासारखा वाहून गेला. एश्कोवा लख्ख झाला, मी उठून उजेडात धरला, आणि कडी रिकामी दिसली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तो खिळा होता. ब्रश कुणी काढला नव्हता, कुणी फेकला नव्हता. खांब कुजला, खिळा सुटला, आणि खिळ्यासकट तो विहिरीत गेला. तू निर्दोष असल्याचा एकमेव पुरावा चोपन्न वर्षं गाळानं सांभाळला आणि मी पाच मिनिटांत चिंचेनं धुऊन टाकला.

त्या रात्रीपासून मला नीट झोप नाही. धाकटीनं कौतुकानं जुन्या ब्रशांवरचे लेख पाठवले, ते मी पहाटेपर्यंत मोबाइलवर वाचत असतो आणि प्रत्येक लेख माझ्याच चुकीवर येऊन थांबतो. जर्मनीत डालहाइम नावाच्या जागी एक छोटा मठ होता. तिथं पुरलेल्या एका बाईच्या दातांवरचं किटण शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर त्यात निळेनिळे कण. लाजवर्द! अफगाणिस्तानातल्या खाणींतला, तिकडं सोन्याच्या तोलाचा रंग. बाई सुमारे हजार वर्षांपूर्वीची, वय पंचेचाळीस ते साठ. पोथ्यांतली चित्रं रंगवताना कुंचल्याचं टोक ओठांत धरून ती निमुळतं करत असणार, आणि कण दातांवर बसत गेले असणार, असं ते म्हणतात. असल्या मौल्यवान रंगाचं काम पुरुषच करत, असा समज होता. २०१९ साली तिच्या दातांनी साक्ष दिली. कुठं तिचं नाव नाही, सही नाही, फक्त किटण. आणि पूर्वी उत्खननातल्या कवट्या स्वच्छ दिसाव्यात म्हणून हेच किटण लोक खरवडून टाकून देत असत. हे वाचलं आणि मी मोबाइल पालथा ठेवला.

लाळेतला चुना दातांवरच्या थरात मुरतो आणि थर दगड होतो. त्या दगडात पिष्टाचे कण, धूर, जिवाणू, सगळं कोंडलं जातं. सुदानमध्ये अल खिदाय इथल्या प्राचीन सांगाड्यांच्या किटणात काय मिळालं सांगू? नागरमोथा. आपण बांधावर उपटून ज्याच्या गाठी हुंगायचो तो. लोक त्याच्या गाठी खात होते, आणि त्यांच्यात किडलेले दात फार कमी. दात किडवणाऱ्या जिवाणूंना नागरमोथा रोखतो. मी महिन्यापूर्वी रूट कनाल केलं. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझंही सगळं किटण काढून दिलं. साखर ठीक आहे, गोळी चालू आहे, बाकी प्रकृतीचं काही नाही.

केतेवान राणीचं घे. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मनोऱ्याखाली शाळेच्या सहलीत आपण डबे उघडले होते, आणि तुझ्या डब्यातली पोळी कावळ्यानं नेली होती. त्याच अवशेषांत पुढं जॉर्जियाच्या त्या राणीचं हाताचं हाड मिळालं. १६२४ साली शिराझला तिला छळून मारलं आणि ऑगस्टिनियन पाद्र्यांनी अवशेष गोव्यात आणले, हे कागदात होतं. पण हाड तिचंच, हे ठरवलं डीएनएनं. २०२१ साली आपल्या सरकारनं त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला दिला. चारशे वर्षं मातीत पडलेल्या हाडाला आपली ओळख सांगता आली. कारण कुणी त्याला चिंच लावली नाही.

त्याच जॉर्जियात दमानिसीला सुमारे अठरा लाख वर्षांपूर्वीची माणसं सापडली आहेत. दात कोरायची काडी तेव्हाही होती; एका जबड्यात काडी पुन्हापुन्हा घातल्यानं हाडाला इजा झालेली दिसते. त्यांच्यात एक म्हातारा आहे, तुझ्या कवळीच्या तक्रारी ऐकल्या की मला आता तोच आठवणार. एक सोडून त्याचे सगळे दात मरणाच्या कित्येक वर्षं आधी पडलेले. तरी तो जगला. म्हणजे कुणीतरी त्याला मऊ खाणं करून देत होतं, निदान सांभाळून घेत होतं. कवळी घाल आणि वहिनींवर रागावू नकोस.

आणि आजीआजोबांचं भांडण केवढं जुनं निघालं! सातव्या शतकात नालंदात राहिलेल्या इत्सिंग नावाच्या चिनी भिक्षूनं आपल्याकडच्या दातवणाचं वर्णन लिहून ठेवलंय. लांबी बारा अंगुळं, आखूडात आखूड आठ, जाडी करंगळीएवढी. एक टोक सावकाश चावून मऊ करायचं, दात घासायचे, आणि मग तेच चिरून, वाकवून जीभ खरवडायची. आजी माडाच्या चुडताचा हीर मधोमध चिरून धनुष्यासारखा वाकवायची, अगदी तेच. दाताला मानकुराद आंब्याचं पान गुंडाळून मिठाबरोबर, आणि जिभेला हीर. दुसरीकडं चीनच्या उत्तरेला चिफंगमध्ये १९५३ साली लियाओ घराण्याची एक कबर उघडली, ९५९ सालची. तिच्यात हाडाचे दोन दांडे होते, दोन ओळींत आठ भोकं, केस कुजून गेलेले. तो फोटो पाहिला आणि अंगावर काटा आला. शेजारी आमचा एश्कोवा ठेवला तर भावंडं वाटतील, मधे हजार वर्षं. इंग्लंडात १७८०च्या सुमारास विल्यम ॲडिसनं तुरुंगात जेवणातल्या हाडाला भोकं पाडून ब्रश केला असं सांगतात, आणि तिथून कारखाने निघाले. १९३८ साली नायलॉनचे केस आले तेव्हा कुठं डुकरांची सुटका झाली. आजोबांनी मात्र नायलॉनला कधी हात लावला नाही. एश्कोवा हरवल्यावर दुसऱ्या दिवशी ते न बोलता परसात गेले, आंब्याचं पान तोडलं आणि शेवटपर्यंत पानानंच दात घासले. आजी जिंकली होती, पण तिला त्याचा आनंद झालेला मी पाहिला नाही.

आता ७१ सालच्या मे महिन्यावर येतो. इतका वेळ इकडंतिकडं लिहीत होतो ते हे टाळायला.

आदल्या दुपारी मोत्याचे दात घासायचं तुझ्या डोक्यात आलं. मोत्याच्या तोंडाला वास येतो, म्हणून. एश्कोवा तू काढलास. मोत्याला मी धरलं. राखुंडी मीच आणली चुलीजवळून. फेसाळलेल्या तोंडानं तो अंगणभर धावला तेव्हा आपण दोघं हसून लोळलो होतो. मग तू एश्कोवा धुऊन परत खिळ्याला लावलास. ते मी पाहिलं, वशा. कडी दोनदा निसटली आणि तिसऱ्या वेळी बसली, हेसुद्धा मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी विचारलं, "शेवटी कुणाच्या हातात होता?" मी म्हटलं, "काल वशाच्या हातात होता."

हे खोटं नव्हतं. याच आधारावर मी इतकी वर्षं काढली. पण तू परत लावलास हे मी बोललो नाही, मोत्याला मी धरलं हे बोललो नाही. तुझ्या बाबांनी चिंचेचा फोक काढला तेव्हा मी आमच्या ओट्यावर होतो, ऐकू येत होतं. चवथीपर्यंत तुला आमच्या उंबऱ्याची बंदी. गणपतीवर टांगायच्या माटोळीला कांगलां आणि आंबाडे आणायला त्या वर्षी मी एकटा रानात गेलो आणि अर्धी टोपली घेऊन परत आलो. पुढं सगळं पुसलं गेलं असं आपण धरून चाललो. पण आजोबा जाईपर्यंत तुला पूर्वीसारखं जवळ बसवून घेत नव्हते, हे तुला कळत होतं आणि मला कळत होतं. तुझ्या लग्नात मी उशिरा आलो म्हणून तू दोन वर्षं बोलला नाहीस. तेव्हा मला वाटायचं, हा राग लग्नाचा नाहीच. तसं असेल तर योग्यच होतं.

खिळा मी पाहिला, पण दाखवू कुणाला? ज्या पोरानं एश्कोवा वर काढला त्याला विचारलं, तो म्हणतो, "कसलोसो गोळो आशिल्लो." सुमन माडाखाली होती. फोटो काढला तो धुतल्यानंतरचा. म्हणजे पुन्हा सगळं माझ्या एकट्याच्या शब्दावर आलं, आणि माझा शब्द या बाबतीत एकदा कसा वापरला गेला ते आपल्या दोघांना ठाऊक आहे. माझ्या जिवाला हेच लागून राहिलंय. गाळात सापडला तसा तो ओल्या कापडात गुंडाळून ठेवला असता, तर नुसत्या एक्स-रेनंही आतला खिळा दिसला असता.

दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर धुण्याच्या दगडाखालची माती चाळली. पीठ चाळायच्या चाळणीनं. सुमन काही बोलली नाही, तिनंच दुसरी चाळणी आणून दिली. पाटाच्या कडेला, जिथं साबणाचं पाणी मुरतं तिथं, गंजाच्या सात खपल्या मिळाल्या. एक नखाएवढी, बाकी तिळाएवढ्या. शैलाच्या फ्रिजवरचं चुंबक आणून लावलं. सहा खपल्या ढिम्म. नखाएवढी मात्र उचलली गेली, आणि तिच्या मधे काळी, घट्ट, चौकोनी कणी आहे. जुन्या घडीव खिळ्यांचे दांडे चौकोनीच असायचे. सगळं एका हिंगाच्या डबीत ठेवलंय.

माईला फोन केला. सगळं सांगितलं, खिळा, कडी, चुंबक. ती म्हणाली, "तू वशाला वाचवतोस. लहानपणापासून तुझं तेच." मी चिडलो. लहानपणी मी तुला वाचवलं असतं तर हे पत्र कशाला लिहावं लागलं असतं! फोन ठेवला. दोन दिवस तसेच गेले. आज सकाळी मीच पुन्हा लावला आणि तिला जे कधीच सांगितलं नव्हतं ते सांगितलं, की मोत्याला मी धरलं होतं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ते मला ठाऊक होतं. तुझ्या मनगटावर त्याच्या दातांच्या चार टिकल्या होत्या. मीच हळद लावली. फोक तुझ्यावर पडू नये म्हणून गप्प राहिले."

चोपन्न वर्षं, वशा. खुणा माझ्या अंगावर होत्या, आणि तिनं त्या पाहिल्या होत्या. आता मनगटावर काही नाही, सकाळपासून तीनदा पाहिलं. माई रविवारी येणार आहे. म्हणते, कळशी न्यायला येते.

तुझं काय चाललंय? कोल्हापुरातला फ्लॅट एकदाचा ताब्यात आला असं बाबुलीकडून कळलं, अभिनंदन. मधूची बदली रद्द झाली का? वहिनी आता जिना चढतात का? सविस्तर लिही, मी कमी विचारलं म्हणून तू कमी लिहू नकोस.

एश्कोवा तुझा आहे. हे मी घरात सगळ्यांना सांगून टाकलंय. संग्रहालयात द्यावा असं धाकटी म्हणते. तो देणं न देणं तू ठरव. पण पोस्टानं पाठवणार नाही. पाऊस धरायच्या आत ये. एकदा झरे फुटले की विहीर भरेल, आणि मला तुला खांबाची जागा दाखवायची आहे. जुन्या खांबाची खाच चिऱ्यात अजून आहे, विहिरीच्या अगदी काठाला. तिथून पडलेली वस्तू पाण्याशिवाय कुठं जाऊच शकत नाही. रविवारीच आलास तर माईही असेल. कुळागरातली केळी पिकली आहेत, आणि मानकुराद अजून चार दिवस पुरतील.

डबी मी उघडलेली नाही त्या दिवसानंतर. तू आल्यावर तूच चुंबक लाव.

तुझा,
दामू